गुबगुबीत अक्षरांत ‘चतुर्थीच्या नेवऱ्या’: पाटी, पाकीट आणि पत्रकासाठी सजावटी फाँट कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याच्या एक वाचक भगिनी घरगुती नेवऱ्या (करंज्या), खाजे आणि रव्याचे लाडू करून विकतात आणि यंदा चवथीपूर्वी बाजारात लहानसे दुकान सुरू करीत आहेत. त्यांच्या भाच्याने संगणकावर एक अतिशय जाड, गोलसर आणि खेळकर देवनागरी फाँट निवडला असून दुकानाची पाटी, पाकिटे, चवथीचे पत्रक आणि आतला दरफलक असे सारे त्याच फाँटात करावे, असा त्याचा आग्रह आहे. पाकिटाचा नमुना पाहून छापखान्याच्या माणसाने ‘अक्षरे बुजतात’ असे सांगितले. तेव्हा हा फाँट वाईट आहे का, पाटीवर तो चालेल का आणि दुसरा घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

फाँट वाईट नाही आणि भाच्याची निवडही गैर नाही. गोडधोडाच्या दुकानाला फुगीर, हसरे अक्षर शोभते. चूक एवढीच, की एकाच फाँटाकडून चार वेगवेगळ्या कामांची अपेक्षा केली गेली. असे अक्षर शिगम्याच्या मिरवणुकीतल्या ढोलासारखे असते. ते वस्ती जागी करते, पण त्यावर कीर्तन सांगता येत नाही. मोठ्या आकारात तीन-चार शब्द, एवढेच त्याचे क्षेत्र असून त्या क्षेत्रात त्याला तोड नाही. मात्र ते तीन-चार शब्द कोणते, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून माझा सल्ला असा, की फाँटाच्या नावाने दाखवलेला सुंदर नमुना पाहून निवड न करता, तुमच्या पाटीवर प्रत्यक्ष येणारे शब्द त्या फाँटात टाइप करून मगच निर्णय घ्यावा.

ही अतिजाड अक्षरे मुळात वाचण्यासाठी जन्मलीच नव्हती, ती दिसण्यासाठी जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये लॉटरीच्या आणि इतर जाहिरातींच्या पत्रकांसाठी रॉबर्ट थॉर्न यांच्यासारख्या टंककारांनी पुस्तकी अक्षरांच्या उभ्या रेघा बेसुमार फुगवल्या, तेव्हा भिंतीवरच्या पत्रकांच्या गर्दीत त्यांचेच पत्रक उठून दिसू लागले. पुढे १८२८ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकडी टाइपांची नमुनापुस्तिका काढली. शिशाचा एवढा मोठा टाइप फार जड आणि महाग पडत असे, तो लाकडात स्वस्त झाला आणि पोस्टरवरची अक्षरे आणखी मोठी होत गेली. आज ज्याला आपण ‘गोड’ किंवा ‘मऊ’ म्हणतो ते गोल कोपऱ्यांचे जाड अक्षर सर्वतोमुखी झाले ते शिकागोच्या ओस्वाल्ड कूपर यांच्या १९२२ मधील कूपर ब्लॅक या फाँटामुळे. त्याचे कोपरे असे वितळलेले आहेत, की ते अक्षर कितीही काळे केले तरी रागावलेले वाटत नाही. तुमच्या भाच्याला जो फाँट आवडला त्याचे कूळ हेच आहे.

रोमन अक्षरे जाड करणे तुलनेने सोपे आहे. रोमन ‘ओ’ला एकच पोट असते, ते अरुंद केले की काम भागते. देवनागरीत मात्र शिरोरेखा वरून जागा घेते, उभा दंड बाजूने जागा घेतो आणि उरलेल्या जागेत ‘क्ष’, ‘झ’ किंवा ‘ण’ यांची वळणे मावावी लागतात. त्याशिवाय वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि पाय मोडलेली अक्षरे. प्रत्येक रेघ सारखीच जाड केली तर अक्षराच्या पोटातील पांढरी पोकळी संपून जाते आणि अक्षराचा डाग होतो. म्हणून जाड देवनागरी फाँट करणारा माणूस सतत तडजोडी करीत असतो: आडव्या रेघा उभ्यांपेक्षा थोड्या बारीक ठेवतो, गाठी पूर्ण भरून टाकतो, गर्दीच्या जागी रेघ हळूच निमुळती करतो आणि हे केल्याचे डोळ्याला कळू देत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेल्या ‘मोदक’ या फाँटात ही तडजोड न लपवता उलट तिचीच गंमत केली आहे. त्यात अक्षरे इतकी फुगवली आहेत, की पोटातील पोकळी केवळ एका बारीक रेघेएवढी उरते आणि त्या पांढऱ्या रेघेवरूनच अक्षर ओळखू येते. कल्पना म्हणून ती फार देखणी आहे. पण ती पांढरी रेघ छपाईत जगली नाही, तर अक्षरही जगत नाही, हे लक्षात ठेवावे.

देवनागरीची ही अडचण गोव्यात नवी नाही. भारतातले पहिले छापयंत्र १५५६ मध्ये गोव्यातच आले, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात; पण इंग्रज धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ मधील पत्रात लिहिल्याप्रमाणे इथल्या लिपीत छापायचे तर सुमारे सहाशे साचे लागणार होते, जेव्हा रोमनला चोवीस पुरत. परिणामी त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला रोमन लिपीत छापले गेले. आजच्या फाँटातही जोडाक्षरांसाठी शेकडो स्वतंत्र आकृत्या रेखाटाव्या लागतात आणि फाँटकाराने कुठे कष्ट घेतले व कुठे हात आखडता घेतला, ते याच आकृत्यांत दिसते. खेळकर फाँटात तर अधिकच, कारण असे फाँट पुष्कळदा आधी दहा-वीस सुट्या अक्षरांच्या रेखाटनातून सुचतात आणि जोडाक्षरांची पाळी शेवटी येते.

आता तुमचे शब्द पाहू. ‘चतुर्थीच्या नेवऱ्या’ हे दोन शब्द जाड फाँटाची परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम रचावेत इतके नेमके आहेत. ‘र्थी’मध्ये ‘थ’वरून जाणारी दीर्घ वेलांटी आणि तिच्या दंडावर बसणारा रफार अशी दोन वळणे एकाच टोकावर येतात. चांगल्या फाँटात या जोडीसाठी वेगळी आकृती केलेली असते, ज्यात वेलांटीची कमान किंचित खाली दाबून रफाराला जागा दिलेली असते. ती नसेल तर दोन्ही एकमेकांत घुसून वर एक गोळा दिसतो आणि दुरून ‘चतुथी’ वाचले जाते. पर्वरीच्या किंवा म्हार्दोळच्या दुकानदारांनाही हीच कसोटी लागू आहे; ‘र्व’नंतरची ‘री’ आणि ‘र्दो’वरची मात्रा व रफार एकत्र पाहिल्याशिवाय त्यांनी फाँट घेऊ नये. कुंकळ्ळीच्या मंडळींना तर ‘ळ्ळी’ हे जोडाक्षर आधी तपासावे लागेल, कारण अनेक फाँटांत तिथे सरळ हलन्त दिसतो.

‘नेवऱ्या’मधला ‘ऱ्या’ ही त्याहून अवघड जागा आहे. हा अर्धा ‘र’ मराठीत, कोकणीत आणि नेपाळीत लागतो, हिंदीत जवळजवळ लागतच नाही. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फाँटात तो एकतर नसतो, नाहीतर कसाबसा चिकटवलेला असतो. फाँटात तो नसल्यास रफार होऊन ‘नेवर्या’ असे दिसते, जे वाचताना उच्चारच बदलतो. प्रथम टाइप करताना ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि ‘य’ जोडला आहे याची खात्री करावी, कारण निम्म्या वेळा दोष फाँटाचा नसून टाइप करणाऱ्याचा असतो. तसे करूनही आकृती नीट येत नसेल, तर तो फाँट नेवऱ्यांच्या दुकानासाठी बाद समजावा, मग तो कितीही गोड असो. आकृती आली तरी ती जाडी धरून आहे का, हे पाहावे; शेजारचे सगळे अक्षर लठ्ठ आणि अर्धा ‘र’ मात्र काडीसारखा, असे दृश्य मी नावाजलेल्या फाँटांतही पाहिले आहे.

‘रव्याचे लाडू’ आणि ‘खाजे’ ही जोडीही गमतीची आहे. जाड फाँटात ‘ख’चा खालचा सांधा नीट जुळवलेला नसेल तर तो ‘रव’ वाचला जातो आणि ‘रव्याचे’ शेजारीच असल्यामुळे गोंधळ अधिक वाढतो. ‘डू’मध्ये दीर्घ उकार ‘ड’च्या पोटाखाली जातो, तिथे फाँटकाराने ‘ड’ थोडा वर उचलला आहे की उकार त्यात बुडाला आहे, हे पाहावे. ‘फोंडा’मध्ये ‘फों’वरचा अनुस्वार मात्रेला चिकटतो का, तेही तपासावे. शेवटी ‘ल’ आणि ‘श’: मराठी वाचकाला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ अपेक्षित असतो. पुष्कळ युनिकोड फाँटांत ही मराठी रूपे आत दडलेली असतात, पण अक्षरजुळणीच्या प्रोग्रामात मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. ‘लाडू’चा ‘ल’ परका वाटतो अशी तक्रार घेऊन फाँट बदलण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

हे सगळे पडद्यावर मोठे करून पाहण्यात अर्थ नाही, कारण पडद्यावर प्रत्येक फाँट देखणा दिसतो. साध्या काळ्या रंगात, कागदावर, पाकिटावर ज्या आकारात येणार त्याच आकारात छापून घ्यावे आणि त्या कागदाची झेरॉक्स काढून तिचीही पुन्हा झेरॉक्स काढावी. दुसऱ्या झेरॉक्समध्येही जे अक्षर ओळखू येते ते स्क्रीन प्रिंटिंगमध्ये टिकते. पाटीसाठी तीच ओळ मोठ्या कागदांवर जोडून छापावी, समोरच्या दुकानाच्या भिंतीवर चिकटवावी आणि रस्त्याच्या पलीकडून, डोळे किंचित मिटून पाहावी. कुटुंबाबाहेरच्या एखाद्या माणसाला ती वाचायला सांगावे. घरच्यांना शब्द आधीच ठाऊक असल्याने त्यांचे वाचन उपयोगाचे नाही.

फाँटांची नावे विचारली आहेत म्हणून सांगतो. अत्यंत फुगीर अक्षर हवे आणि आकार मोठा असेल तर वर सांगितलेला ‘मोदक’ आहेच. चवथीच्या दुकानाला त्याचे नावही शोभून दिसते. पण तुमच्या कामासाठी मी त्याच गटाचा ‘बलू’ सुचवीन. तोही गोलसर आणि खेळकर आहे, मात्र पोटातील पोकळी मोकळी ठेवतो; नऊ भारतीय लिप्यांत आणि रोमनमध्ये उपलब्ध आहे आणि ‘बलू २’ या सुधारित आवृत्तीत पाच जाड्या मिळतात, त्यामुळे पाटीवर सर्वांत जाड आणि पत्रकाच्या मथळ्याला मध्यम, असे एकाच घराण्यातून भागते. थोडा पाटी रंगवणाऱ्याच्या कुंचल्याचा बाज हवा असेल तर ‘यात्रा वन’ पाहावा. मुंबईच्या लोकल रेल्वे स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो स्फुरलेला आहे आणि त्यातील रोमन अक्षरेसुद्धा देवनागरी बोरूच्या कोनाने वळवलेली आहेत. ‘इंडियन टाइप फाउंड्री’चा ‘रोझा वन’ जाड-बारीक रेघांचा, थॉर्नच्या वंशातला आणि फार दिमाखदार आहे. परंतु त्यातील केसासारख्या बारीक रेघा दागिन्यांच्या किंवा साड्यांच्या दुकानाला अधिक शोभतात, तेलकट हाताने उचलायच्या पाकिटाला नव्हे. हे चारही फाँट मोफत आहेत. बारीक मजकुरासाठी, म्हणजे घटक, पत्ता आणि दर यांसाठी, ‘मुक्त’ घ्यावा; त्याच्या सात जाड्या आहेत आणि तो ‘बलू’शेजारी अवघडून बसत नाही.

आता पाटी. अंतराचा व्यवसायातला ढोबळ हिशेब असा आहे, की दर ३ मीटर अंतराला साधारण २५ मिलिमीटर अक्षर-उंची धरावी. हा हिशेब साध्या रोमन अक्षरांसाठी बसवलेला आहे. देवनागरीत उंची मोजताना मात्रा आणि उकार सोडून शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंतच मोजावी आणि अक्षर अतिजाड असेल तर उत्तरात निम्म्याने भर घालावी, असे मी करतो. म्हणजे १२ मीटरवरून वाचायच्या पाटीला १०० ऐवजी १५० मिलिमीटर. दोन ओळी एकाखाली एक लावायच्या असतील तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार यांची टक्कर होणार नाही अशी शब्दरचना करून पाहावी. ‘चतुर्थीच्या’मधला ‘तु’ खाली ‘नेवऱ्या’च्या मात्रेवर येतो की मोकळ्या जागेवर, यावर दोन ओळींमधले अंतर ठरते. एक-दोन शब्द सरकवून ही जागा सापडते आणि तशी सापडली की दोन ओळी एकमेकींत छान गुंततात. सजावटी फाँटातली खरी मजा इथे आहे आणि दुर्दैवाने इथेच घाई केली जाते.

पाटी कशाची करणार, यावरही निवड ठरते आणि या बाबतीत जाड अक्षर फायद्याचे आहे. आत एलईडी बसवलेली उठावाची अक्षरे करायची तर रेघ एवढी रुंद हवी की दिव्यांच्या पट्ट्या आत मावतील. बारीक अक्षरात त्या मावत नाहीत. कापलेले व्हाइनिल (रंगीत चिकट प्लास्टिक) चिकटवायचे असेल तर मोठा सलग पृष्ठभाग पावसात धरून राहतो, तर बारीक शेपट्या पहिल्या दोन पावसाळ्यांतच उचलल्या जातात. अ‍ॅक्रिलिक किंवा एसीपी शीट (अॅल्युमिनियमचा पातळ थर लावलेला फलक) राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, कापून घेणार असाल तर त्याच्या फिरत्या पात्याचा व्यास विचारून घ्यावा. पाते ३ मिलिमीटरचे असेल तर त्याहून अरुंद फट कापलीच जात नाही आणि आतले कोपरे आपोआप गोल होतात. गोल कोपऱ्यांच्या फाँटाला याने काही बिघडत नाही, पण ‘मोदक’सारख्या फाँटातील पोटाची बारीक रेघ तुमच्या पाटीच्या आकारात किती मिलिमीटर येते, हे मोजल्याशिवाय कापायला देऊ नये. फ्लेक्सचे म्हणाल तर त्यावर काहीही छापता येते आणि तेच त्याचे दुर्दैव आहे. छायाचित्र, फुलांची वेलबुट्टी, सोनेरी ग्रेडियंट आणि तीन रंगांची सावली यांच्या गर्दीत जाड अक्षरही हरवते. जाड अक्षराला एक रंग, एक मोकळी पार्श्वभूमी आणि फार तर एक सावली पुरे. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर आहे त्याहून जाड भासते, त्यामुळे तशी पाटी करायची असल्यास फाँटाची एक पायरी कमी जाडी घ्यावी.

पाटीच्या कामात हमखास होणारी एक तांत्रिक गफलत इथे सांगून ठेवतो, कारण ती रोमनमध्ये होत नाही आणि म्हणून अनेक कुशल ऑपरेटरांच्याही लक्षात येत नाही. देवनागरी फाँटात शिरोरेखा अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरात किंचित घुसवलेली असते. साध्या काळ्या छपाईत हे दिसत नाही. मात्र अक्षरांना बाहेरून रंगीत कड दिली, किंवा रंग अर्धपारदर्शक केला, की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. आणि प्लॉटरवर, म्हणजे व्हाइनिल कापणाऱ्या यंत्रावर, कापायला दिले तर पाते त्या प्रत्येक सांध्यावर फिरून शिरोरेखेचे तुकडे करते. उपाय सोपा आहे: मजकूर अंतिम झाल्यावर तो कर्व्ह करावा (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या आकृत्या कराव्यात), मग प्रत्येक शब्द वेल्ड करून एकसंध आकृती बनवावी आणि त्यानंतरच कड, सावली किंवा कापणी करावी. कर्व्ह करण्यापूर्वीची फाइल वेगळी जपून ठेवावी, नाहीतर पुढल्या वर्षी एक अक्षर बदलायलाही सगळे नव्याने जुळवावे लागेल.

याच कारणासाठी देवनागरीत अक्षरांमध्ये अंतर वाढवू नये. रोमन शीर्षकांत अक्षरे पसरवली की रुबाब येतो. इथे शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे मणी विखुरतात. कमानीत अक्षरे बसवायची हौस मिठाईच्या पाट्यांवर फार असते. ती जरूर पुरवावी, पण प्रोग्रामातल्या ‘वळणावर मजकूर’ या सोयीने नव्हे, कारण ती प्रत्येक अक्षर सुटे फिरवते आणि शिरोरेखेत पायऱ्या व पाचरी पडतात. आधी वेल्ड केलेला शब्द आकृती म्हणून वाकवावा, म्हणजे शिरोरेखा एका गोल रेषेत वाकते. वाकवल्यावर खालची बाजू आवळली जाते, म्हणून उकार एकमेकांना भिडत नाहीत ना, हे पुन्हा एकदा पाहावे.

पाकिटावर छापखान्याच्या माणसाने दिलेला इशारा बरोबर आहे. पिशवीच्या कागदावर किंवा प्लास्टिकवर स्क्रीन प्रिंटिंग करताना शाई थोडी पसरतेच आणि ती सर्व बाजूंनी पसरत असल्याने जाड रेघा आणखी जाड व पोकळ्या आणखी अरुंद होतात. तेव्हा पाकिटावर दुकानाचे नाव किंवा पदार्थाचे नाव एवढेच खेळकर फाँटात, पाकिटाच्या रुंदीचा निदान अर्धा भाग व्यापेल इतके मोठे घ्यावे आणि तेही ‘बलू’सारख्या मोकळ्या पोटाच्या फाँटात. उरलेला मजकूर सजावटीचा विषयच नाही. घटक, निव्वळ वजन, तारीख, किंमत, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक हे कायद्याने द्यायचे तपशील असून त्यांच्या अक्षर-उंचीला किमान मर्यादा आहेत. शिवाय ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत देणे बंधनकारक आहे, मराठी तिच्या जोडीला देता येते. हे सर्व साध्या फाँटात, काळ्या एका रंगात, पाकिटाच्या मागे शांतपणे असावे.

दरफलकासाठी खेळकर फाँट वापरू नये, असे मी स्पष्टच सांगतो. दर हे तुलना करून वाचायचे असतात आणि जाड अंकांत ‘३’ व ‘६’ किंवा ‘४’ व ‘५’ यांच्यातील फरक फटींवर अवलंबून असतो. ‘₹’ हे चिन्हही अनेक सजावटी फाँटांत नसते. ते नसल्यास संगणक ते दुसऱ्याच फाँटातून उसने आणतो आणि प्रत्येक किमतीपुढे एक किडकिडीत पाहुणा उभा राहतो. फलकाच्या माथ्यावर ‘आजचा फराळ’ हे जाड अक्षरात आणि खाली सगळे ‘मुक्त’मध्ये, एवढे पुरे. चवथीच्या पत्रकालाही हीच विभागणी लागू होते. पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार असेल तर चित्राची गुणवत्ता वाटेत घटते, हे गृहीत धरून ते आधी फोनवर अंगठ्याएवढे लहान करून पाहावे.

फोंड्याच्या बाजारात मंगेशी-म्हार्दोळला येणारे बाहेरगावचे लोकही फिरत असतात, तेव्हा पाटीवर रोमन ओळ लागेलच. ती निवडताना नेहमीची अडचण अशी येते, की एकाच पॉइंट आकारात रोमन मोठे आणि देवनागरी लहान दिसते, किंवा उलट. आकडे जुळवण्याच्या फंदात न पडता डोळ्यांनी जुळवावे: रोमन लहान अक्षरांचे काळेपण देवनागरीच्या शिरोरेखेखालील भागाच्या काळेपणाशी जुळले, की दोन्ही ओळी एका दुकानाच्या वाटतात. रोमनमध्ये सगळी मोठी अक्षरे घेतली तर ती देवनागरीवर कुरघोडी करतात. त्यामुळे रोमन ओळ लहान लिपीत आणि देवनागरीच्या खाली ठेवावी.

प्रसंगाचे तारतम्य तुम्हाला सांगायला नको. मुलांचे नाटक, नरकासुर स्पर्धेचा फलक, सांजांव या ख्रिस्ती सणाची जाहिरात, गोडाचे दुकान इथे हे अक्षर आपल्या घरी असते. देवस्थानच्या धार्मिक विधींची सूचना, श्रद्धांजली किंवा औषधांचे दुकान इथे ते उद्धट दिसते. तुमचेच दुकान पुढे श्राद्धाच्या जेवणाच्या मागण्या घेऊ लागले, तर त्या पत्रकावर मात्र हा फाँट घेऊ नये.

आणखी एक पर्याय भाच्याला जरूर सुचवावा. दुकानाचे नाव दोन-तीन शब्दांचेच असेल आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहणार असेल, तर फाँट न वापरता ते एखाद्या अक्षररेखाटनकाराकडून हाताने काढून घ्यावे. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी रेखाटलेली शीर्षके ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यांत शब्दाचा स्वभाव अक्षरांच्या अंगात उतरलेला असे. फाँटात ‘च्या’ आणि ‘ऱ्या’ यांतले दोन्ही ‘या’ हुबेहूब सारखे येतात आणि खेळकर अक्षरात हा यांत्रिकपणा लगेच डोळ्यांत भरतो. हाताने काढताना शेवटच्या ‘या’चा काना लांबवता येतो, वेलांटीला नेवरीच्या मुरडीचा आकार देता येतो, रफाराला नेमकी जागा करता येते. म्हापसा, मडगाव, फोंडा इथे पाट्या रंगवणारे जुने हात अजून सापडतात. शिवाय पणजीच्या आल्तिनोवरील गोवा कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले तरुणही हे काम करतात. एकदा काढलेले नाव स्कॅन करून पाटी, पाकीट आणि शिक्का या सर्वांवर वापरता येते आणि रोज बदलणाऱ्या मजकुरासाठी फाँट आहेतच.

परवान्याचे पाहायचे तर वर सांगितलेले मोफत फाँट मुक्त फाँट परवान्याखाली दिलेले आहेत. त्यांचा व्यापारी वापर करता येतो, पाटीवर आणि पाकिटावर छापता येतात, कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. तो फाँट निव्वळ फाँट म्हणून विकता मात्र येत नाही. भाच्याने निवडलेला फाँट कुठून उतरवला आणि त्याचा परवाना केवळ खासगी वापरापुरता तर नाही ना, हे त्याला विचारावे, कारण ‘मोफत’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ सजावटी फाँटांत तशी अट बारीक अक्षरांत दिलेली असते. पाटीवाल्याला आणि छापखान्याला फाइल देताना कर्व्ह केलेली प्रत द्यावी, सोबत एक पीडीएफ आणि एक कागदी प्रत द्यावी, आणि त्या कागदावर ‘र्थी’ आणि ‘ऱ्या’ भोवती लाल पेनाने गोल करून ठेवावे. त्यांच्या संगणकावर फाइल उघडताना सर्वांत आधी मोडतात ती हीच दोन अक्षरे.